पार्श्वभूमी : बाळाच्या विकासटप्प्यांमागचे आकडे

फेब्रुवारी २०२२मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने बाळाच्या विकासटप्प्यांची, म्हणजे बसणं, चालणं, बोलणं अशी कौशल्यं कितव्या महिन्यात यावीत याची, आपली यादी बदलली. रांगणं यादीतून गेलं, बरेच टप्पे पुढच्या वयात सरकले, १५ आणि ३० महिन्यांसाठी नवे तक्ते आले. यादी एका देशाची असली तरी तिचे तक्ते आणि ॲप कुठलेही पालक वापरतात, त्यामुळे वादही दूरवर गेला. टाळेबंदीत मुलं मागे पडली म्हणून सरकारने पट्टीच खाली आणली, हा आरोप समाजमाध्यमांवर सर्वांत जास्त फिरला. त्यात तथ्य नाही, कारण तज्ज्ञांचा गट २०१९मध्ये, म्हणजे साथ येण्याआधीच कामाला लागला होता. आक्षेप घेण्यासारखं त्या यादीत होतं, पण ते वेगळंच.

मुलांच्या वाढीच्या नोंदी ठेवणं तसं जुनं. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाची टिपणं १८७७ साली छापली, लिहिल्यानंतर ३७ वर्षांनी. त्या शतकातल्या अशा रोजनिशा बहुधा लिहिणाऱ्याच्या घरातल्याच एखाद्या मुलाच्या असायच्या. एका मुलावरून तक्ता बनत नाही. त्यासाठी पुष्कळ मुलं एकाच पद्धतीने पाहावी लागतात, आणि हे काम १९२०च्या दशकात जोमाने सुरू झालं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात घुमटाच्या आकाराची खोली बांधून, एका बाजूनेच दिसणाऱ्या पडद्याआडून बाळांचं चित्रीकरण केलं गेलं आणि कोणतं कौशल्य कितव्या आठवड्यात येतं ते मांडलं गेलं. आजच्या यादीतले वयाचे रकाने तिथून आले. पाहिलेली मुलं मात्र बहुतेक त्याच शहरातली, गोरी, मध्यमवर्गीय घरांतली.

त्याच केंद्रातून १९२९मध्ये जुळ्या बहिणींवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला, दुसरीला त्यानंतर फक्त दोन आठवडे. दुसरी पहिलीच्या जवळपास येऊन पोचली. यावरून ठरवलं गेलं की मेंदू आणि स्नायू पक्व झाले की गोष्टी आपोआप येतात, आधी शिकवून उपयोग नाही. दोन बाळांवर उभा असलेला हा निष्कर्ष पुढे काही दशकं टिकला. 'थांबा, होईल आपोआप' या सल्ल्याच्या मुळाशी तो आहे, असं माझं मत.

त्याला तडे गेले ते १९७०च्या दशकात. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं आणि दोन-तीन महिन्यांत हे थांबतं. १९७२च्या एका अभ्यासात बाळांकडून रोज काही मिनिटं हा सराव करून घेतला, तर ती थोडी लवकर चालायला लागली. १९८४मध्ये आणखी मजेशीर गोष्ट दिसली. पावलं टाकणं 'थांबलेल्या' बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरलं, तर पावलं पुन्हा सुरू झाली. समजलं जायचं तशी मेंदूने ती क्रिया दाबून टाकलेली नव्हती; मांड्या गुबगुबीत होऊन जड झाल्या होत्या आणि स्नायूंना तेवढं बळ आलेलं नव्हतं. त्याआधी, १९७६मध्ये, केनियातल्या एका ग्रामीण समाजात आढळलं की तिथली बाळं बसणं आणि चालणं अमेरिकी तक्त्यापेक्षा साधारण महिनाभर आधी शिकतात, कारण आया ते मुद्दाम शिकवतात. जे कुणी शिकवत नाही, उदाहरणार्थ रांगणं, ते मात्र आधी येत नाही. उलट ताजिकिस्तानात बाळांना दिवसातले बरेच तास बांधून पाळण्यात ठेवतात. तिथली मुलं तक्त्यापेक्षा उशिरा चालतात. एकूण काय, एका शहरातल्या मुलांवरून काढलेलं वय सगळीकडे लावता येत नाही.

दवाखान्यात वापरता येईल अशी सुटसुटीत चाचणी १९६७मध्ये डेन्व्हर शहरात तयार झाली. त्यासाठी १,०३६ मुलं तपासली होती. तिच्यात प्रत्येक कौशल्यासमोर एकच वय न लिहिता आडवी पट्टी काढली होती. २५ टक्के मुलांना ते जमतं त्या वयापासून ९० टक्क्यांना जमतं त्या वयापर्यंत पट्टी पसरलेली, आणि मध्ये ५० व ७५ टक्क्यांच्या खुणा. पट्टीकडे पाहताच लक्षात येतं की एकेका कौशल्याचा काळ किती लांबलचक असतो. मूल मागे पडल्याची नोंद व्हायची ती ९० टक्क्यांची रेघ ओलांडल्यावर. चाचणीवर टीकाही झाली. १९९२च्या सुधारित आवृत्तीबद्दलची मुख्य तक्रार अशी की ती धडधाकट मुलांनाही मोठ्या संख्येने संशयित ठरवते. तरी पट्टीची कल्पना उत्तम होती. पुढे पालकांसाठी पत्रकं निघू लागली तेव्हा ती गळली आणि प्रत्येक कौशल्यासमोर एकच आकडा उरला.

तो आकडा नेमका कोणता, हे पत्रकांवर क्वचितच लिहिलेलं असे. बहुतेक ठिकाणी तो ५० टक्क्यांचा होता, म्हणजे निम्म्या मुलांना जमतं ते वय. वर्णन म्हणून तो ठीक आहे. पण पालक तो शेवटची तारीख म्हणून वाचतात, आणि मग निम्मी निरोगी बाळं कागदोपत्री 'उशिरा' ठरतात. एका वयाला दहा-बारा टप्पे असले तर सगळ्यांपुढे 'हो' लिहिता येईल असं मूल शोधूनच काढावं लागेल.

मध्ये दोन गोष्टी घडल्या, त्यांनी जुने आकडे आणखी डळमळीत केले. पहिली झोपेची. बाळाला पालथं झोपवू नये असं अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२मध्ये सांगितलं, १९९४पासून त्याची मोहीम झाली आणि झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. उताणी झोपणारी बाळं मात्र वळणं, बसणं, रांगणं थोडं उशिरा करू लागली. चालण्याच्या वयात फरक पडला नाही. म्हणजे १९६७ किंवा त्याआधीच्या मुलांवरून काढलेला रांगण्याचा आकडा नव्या पिढीला लागू होईनासा झाला, आणि त्याचं कारण बाळांमधला दोष नव्हता.

दुसरी गोष्ट २००६ची. जागतिक पातळीवरच्या आरोग्य यंत्रणेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांच्या मोठ्या हालचालींचे सहा टप्पे मोजून प्रसिद्ध केले. इथेही एकच वय दिलं नव्हतं. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ अशा खिडक्या दिल्या. खालचं टोक १ टक्क्याचं, वरचं ९९ टक्क्यांचं. आणि ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. ती थेट पुढे गेली.

आता २०२२. अमेरिकी यंत्रणेने निकष बदलला : यादीत जे असेल ते त्या वयाच्या ७५ टक्के किंवा अधिक मुलांना जमत असावं. 'कदाचित', 'करू लागतं' अशी मोघम भाषा काढली. टप्पे २१६ होते, ते १५९ केले. हेतू उघड होता. जुन्या यादीत एखादा टप्पा राहिला की डॉक्टर 'थांबून पाहू' म्हणायचे आणि पालकही थांबायचे, कारण निम्मी मुलं तशीच असतात हे डॉक्टरांना ठाऊक. नव्या यादीत राहिलेल्या टप्प्याला वजन यावं आणि पालकांनी लगेच विचारावं, अशी कल्पना. या बदलामागचा विचार मला पटतो. ज्या रेषेमुळे निम्म्या मुलांवर शिक्का बसतो, ती इशारा म्हणून निकामीच असते.

अडचण अशी की ७५ हा आकडा ऐकायला जितका काटेकोर वाटतो तितका यादीत नाही. एक तर अंतिम टप्प्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांसाठीच कुठल्या ना कुठल्या अभ्यासातली मोजलेली आकडेवारी हाताशी होती. उरलेल्यांसाठी, म्हणजे पाचातल्या एकासाठी, प्रकाशित तज्ज्ञमतावर भिस्त. शिवाय यादीतली वयं ही बाळाच्या ठरलेल्या तपासण्यांची वयं आहेत. कौशल्य तेराव्या महिन्यात येत असलं तरी ते लिहिलं जातं १५ महिन्यांच्या तक्त्यात, कारण १३ महिन्यांची तपासणीच नसते. चालण्याचं पाहा. पाच देशांच्या अभ्यासात ७५ टक्के मुलं सुमारे १३.१ महिन्यांना एकटी चालू लागतात. नव्या यादीत स्वतःहून काही पावलं टाकणं १५ महिन्यांवर आहे आणि काही न धरता चालणं १८ महिन्यांवर. त्या अभ्यासातली ९९ टक्क्यांची रेघ १७.६ महिन्यांची. 'किंवा अधिक' हे दोन शब्द इथे फार मोठा भार उचलतात.

सर्वांत जास्त भडका उडाला तो शब्दसंख्येवरून. ३० महिन्यांच्या तक्त्यात 'सुमारे ५० शब्द बोलतं' असा टप्पा आला. भाषेवर काम करणारे लोक ५० शब्दांचा मापदंड दोन वर्षांसाठी वापरत आले आहेत, तोही सरासरी म्हणून नव्हे : चोविसाव्या महिन्यात ५०पेक्षा कमी शब्द असले किंवा दोन शब्द जोडता येत नसले तर मूल उशिरा बोलणारं समजायचं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या पालकांकडून भरून घेतलेल्या शब्दयाद्यांमध्ये दोन वर्षांचा मधला आकडा ३००च्या आसपास असतो. तेव्हा अडीच वर्षांना ५० शब्द ही फारच सैल रेघ झाली. त्यात त्याच यादीने दोन शब्द जोडणं २४ महिन्यांवर ठेवलं. शब्दसाठा पन्नासाच्या आसपास पोचला की मुलं शब्द जोडू लागतात, हा नेहमीचा क्रम. इथे जोडणं आधी आणि साठा सहा महिन्यांनी, हे उलटं दिसतं. तज्ज्ञगटात एकही वाचा-भाषा तज्ज्ञ नव्हता, ही त्या व्यवसायाच्या संघटनेची तक्रार होती. तक्त्यातला हा भाग वाचताना ती रास्त वाटते.

रांगण्याबद्दलचा वाद मला तितका भारी वाटत नाही. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट मंडळींचं म्हणणं असं की रांगण्याने खांदे, मनगटं आणि दोन्ही हातांचा मेळ घडतो, तर ते यादीतून का काढायचं? यंत्रणेचं उत्तर असं की रांगण्याच्या व्याख्याच एकसारख्या नाहीत (पोटावर सरपटणं धरायचं का? बसून घसरणं?), वयाची आकडेवारी अपुरी आहे आणि काही निरोगी मुलं रांगतच नाहीत. एखादी गोष्ट उपयोगाची असणं आणि ती न झाल्यास इशारा समजणं, या दोन वेगळ्या बाबी आहेत. बाळाने रांगू नये असं यादी कुठेच म्हणत नाही.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. पालकांची यादी म्हणजे चाचणी नव्हे. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं धोरण २००६पासून असं आहे की प्रत्येक भेटीत विकासाकडे लक्ष ठेवायचं आणि ९, १८ व ३० महिन्यांना प्रमाणित प्रश्नावली घेऊन चाळणी करायची. स्वमग्नतेसाठी १८ आणि २४ महिन्यांना वेगळी. चाळणीत काही आढळलं तरच सविस्तर मूल्यमापन. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेपासून नव्हे, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं असतं. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाला नऊ महिन्यांचा तक्ता लावला तर जुनी रेघ काय आणि नवी काय, दोन्ही चुकीच्याच.

२०२३मध्ये वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने जन्मापासून पाच वर्षांपर्यंतची स्वतःची यादी काढली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य यंत्रणेने तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नवं मापन खुलं केलं. त्याची पहिली पडताळणी बांगलादेश, पाकिस्तान आणि टांझानियात झाली. त्यात सगळ्या उत्तरांवरून मुलाचा एकच गुणांक काढतात, आणि तो देशोदेशींच्या बालसंख्येची किंवा कार्यक्रमांची तुलना करण्यासाठी आहे. समोरच्या एका बाळाला डॉक्टरांकडे न्यायचं का, हे ठरवण्यासाठी तो बनवलेला नाही.