युनिफाइड संघात नाव नोंदवायचंय? आधी दाखल्याची मुदत बघा

स्पेशल ऑलिम्पिक्सच्या युनिफाइड खेळांत बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली मुलं एकाच संघातून खेळतात. पहिल्यांना ॲथलीट म्हणतात, दुसऱ्यांना पार्टनर. पाच जणांच्या फुटबॉलमध्ये तीन ॲथलीट आणि दोन पार्टनर मैदानात उतरतात.

स्पर्धेसाठी ॲथलीटचं वय ८ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. बौद्धिक अक्षमतेचं निदान झालेलं असलं पाहिजे. पार्टनर वयानं आणि खेळानं बरोबरीचा शोधा. सगळे गोल त्यानंच करायचे आणि बाकीच्यांनी बघत राहायचं, हे नियमातही बसत नाही आणि मुलांच्या मनालाही लागतं.

घोडं अडतं ते दिव्यांगत्वाच्या दाखल्यापाशी. सरावाला एक ताई आल्या होत्या. पिशवीतून चार घड्या घातलेला दाखला काढला, तर त्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली. लेक शेजारी बुटांच्या नाड्या बांधून तयार! म्हणून सांगते, अठराच्या आतल्या मुलांचा दाखला तात्पुरता असतो, मुदतीची तारीख आजच बघून ठेवा. अजून काढलाच नसेल, तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरा. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. तपासणीसाठी आपल्या नाशिककरांना त्र्यंबक नाक्याजवळचं सिव्हिल हॉस्पिटल आहे. तिथे बुद्ध्यांकाची चाचणी होते. मूल उपाशी किंवा झोपेला आलेलं असेल तर नीट उत्तरं देत नाही, तेव्हा डबा बरोबर घ्या.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे ॲथलीटचा वैद्यकीय फॉर्म. तो डॉक्टरांनी तपासून भरायचा असतो. फिट्स येतात का, कुठली औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, यातलं काहीही लपवू नका. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. हातापायांना मुंग्या येत असतील किंवा चालण्यात फरक पडला असेल, तर खेळायला पाठवण्याआधी डॉक्टरांना दाखवाच.

बाकी जन्मदाखला, फोटो आणि पालकांच्या सहीचं संमतिपत्र. पार्टनरलाही स्वतंत्र नोंदणी करावी लागते. हे सगळं विशेष शाळेमार्फत किंवा प्रशिक्षकांमार्फत स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या राज्य शाखेकडे जातं. ॲथलीटकडून नोंदणीचे पैसे घेतले जात नाहीत.

फॉर्म देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स काढा. चालू औषधांची चिठ्ठी मात्र रोज मुलाच्या खेळाच्या बॅगेत असू द्या.