चिमूटभर कापूस आणि हेडफोनचा आवाज

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हिंडलं, तर इलेक्ट्रॉनिक्सचं जवळपास सगळं सुटं सामान मिळतं. हेडफोनचे ४० मिलिमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारे छोटे स्पीकर, त्यातलेच. कप म्हणून नळाच्या सामानाच्या दुकानातली पीव्हीसीची एंड कॅप चालते. थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल तर हव्या त्या मापाचा कप काढता येतो. जुन्या हेडफोनची पट्टी, बाजारातले इअरपॅड आणि चार ठिकाणी सोल्डर, एवढ्यात हेडफोन उभा राहतो.

पहिलं गाणं लावल्यावर मात्र बहुतेकांचा हिरमोड होतो. गाणं ओळखू येतं, पण गायक माठात तोंड घालून गातोय असं वाटतं. डग्ग्याचा ठोका घुमत राहतो आणि पुढच्या ठोक्यावर सांडतो. शब्दांमधले ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. मग दोष ड्रायव्हरला दिला जातो आणि त्याहून महागड्या ड्रायव्हरचा शोध सुरू होतो. माझं मत असं, की आधी त्या ड्रायव्हरभोवतीच्या हवेकडे बघावं. तिला आवर घालायला कापूस, फेल्ट, औषधाच्या दुकानातली कागदी सर्जिकल टेप आणि थोडी पुट्टीसारखी चिकणमाती, एवढं सामान पुरतं. फक्त यातला प्रत्येक पदार्थ वेगळ्या कारणाने काम करतो, आणि तो चुकीच्या जागी ठेवला तर काहीच करत नाही.

ड्रायव्हरचा पडदा कानाच्या दिशेने सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. जेवढा आवाज कानाकडे जातो तेवढाच, उलटा होऊन, मागे कपात शिरतो. बंद कपातून त्याला बाहेर पडायला वाट नसते. तो मागच्या भिंतीवर आपटून परत फिरतो. पडदा केसाहूनही पातळ प्लास्टिकचा असल्याने तो त्याला फारसा अडवू शकत नाही, आणि हा परतलेला आवाज थोडा उशिरा कानात पोचतो.

आता थोडा हिशेब. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. कप ३ सेंटिमीटर खोल असेल तर ६ सेंटिमीटर तरंगलांबीची लाट त्यात नेमकी अर्धी बसते. तिची वारंवारता येते साधारण ५७०० हर्ट्झ. या वारंवारतेचा आवाज कपात पुढे-मागे जाताना स्वतःलाच बळ देत राहतो, मूळ आवाज थांबल्यावरही क्षणभर वाजत राहतो. यालाच अनुनाद म्हणतात. आणि ५७०० हर्ट्झ म्हणजे ‘स’काराचा प्रदेश. टोचणाऱ्या ‘स’चं कारण बऱ्याचदा असं फूटपट्टीने मोजता येतं.

कापूस किंवा फेल्ट यावर उपाय करतात ते घर्षणाने. ध्वनी जाताना हवेचे कण मागेपुढे हलतात. ते तंतूंच्या दाटीतून हलले की हवेच्या चिकटपणामुळे तंतूंशी घासतात, आणि ध्वनीच्या ऊर्जेची अगदी थोडी उष्णता होते. इथेच एक बारकावा आहे आणि तो लक्षात घेतला नाही तर मेहनत वाया जाते. भिंतीला टेकलेल्या हवेला हलायला जागाच नसते. तिथे दाब खूप बदलतो, पण हालचाल जवळजवळ शून्य. हवा सर्वात जास्त हलते ती भिंतीपासून पाव तरंगलांबी अंतरावर. आपल्या ५७०० हर्ट्झच्या लाटेसाठी हे अंतर दीड सेंटिमीटर, म्हणजे कपाची बरोबर मधली पातळी. मागच्या भिंतीवर २ मिलिमीटरचं फेल्ट नीट कापून, डिंक लावून चिकटवलं तर दिसायला सुबक दिसतं, पण या लाटेला ते जवळजवळ जाणवत नाही. तेच फेल्ट दीड सेंटिमीटर वर, दोन-तीन छोट्या फोमच्या ठोकळ्यांवर टेकवून ठेवलं की काम करू लागतं. पदार्थ तोच, वजन तेच, फक्त जागा बदलली.

१००० हर्ट्झला हेच पाव अंतर साडेआठ सेंटिमीटरच्या वर जातं. एवढी जागा कुठल्याच कपात नसते. त्यामुळे खालच्या स्वरांचा घुमारा फेल्टने आटोक्यात येईल ही अपेक्षाच धरू नये. त्याची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती या साऱ्या विषयातली सर्वात सुंदर वाटते.

खालच्या स्वरांसाठी कपातली हवा स्प्रिंग म्हणून वागते. पडदा मागे आला की ती दबते आणि त्याला पुढे ढकलते. ७ सेंटिमीटर व्यासाच्या, ३ सेंटिमीटर खोल कपात सुमारे ११५ घन सेंटिमीटर हवा मावते. जागा जितकी कमी, तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि पडद्याचा अनुनाद तितका वर सरकतो. तो १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात आला की डग्गा आणि पुरुषी आवाज फुगतात.

ही स्प्रिंग किती ताठ, या हिशेबाची गोष्ट जुनी आहे. १६८७ साली न्यूटनने हवेतल्या ध्वनीचा वेग गणिताने काढला. उत्तर प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी आलं. ध्वनीने हवा दाबली तरी तिचं तापमान तेवढंच राहतं, असं त्याने गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात दाबलेली हवा तापते, आणि तापल्यामुळे आणखी जोराने उलट ढकलते. कंपन इतक्या झपाट्याने होतं की ही उष्णता निघून जायला सवड मिळत नाही. ही दुरुस्ती लाप्लासने १८१६ साली केली. त्यामुळे हवेची स्प्रिंग न्यूटनच्या हिशेबापेक्षा १.४ पट ताठ निघते.

आता त्याच हवेत पिंजलेला कापूस ठेवा. १०० हर्ट्झच्या एका कंपनात उष्णता हवेतून जेमतेम पाव मिलिमीटर सरकते. रिकाम्या कपात तेवढ्या अंतरावर काहीच नसतं. कापसात मात्र प्रत्येक ठिकाणच्या हवेला इतक्या जवळ एखादा तंतू सापडतोच. दबताना तापलेली हवा आपली उष्णता त्या तंतूला देते, पसरताना परत घेते, आणि तिचं तापमान जवळजवळ स्थिर राहतं. न्यूटनने जी हवा कल्पिली होती, ती या कपात खरोखर तयार होते. स्प्रिंग मऊ पडते. आदर्श स्थितीत ११५ घन सेंटिमीटरचा कप सुमारे १६० घन सेंटिमीटरचा असल्यासारखा वागू लागतो. प्रत्यक्षात फायदा याहून कमी मिळतो, पण कानाला कळेल इतका मिळतो. अनुनाद खाली सरकतो, त्याचा उंचवटा बुटका होतो, आणि डग्ग्याचा ठोका वेळेवर थांबतो.

मोठ्या स्पीकरमध्ये ही युक्ती जुनी आहे. एडगर विल्चर यांनी अमेरिकेत १९५४ साली आणलेल्या ‘एआर-१’ या स्पीकरची पेटी पूर्ण बंद होती. आत काचतंतू भरलेले होते आणि पडद्याला सावरायचं काम मुख्यतः आतल्या हवेकडे होतं. लहानशा पेटीतून इतका खोल आवाज तोवर लोकांना माहीत नव्हता. हेडफोनमध्ये मात्र काचतंतू, म्हणजे ग्लासवूल, अजिबात वापरू नये. त्याचे बारीक कण त्वचेला, डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास देतात, आणि ही वस्तू तर डोक्यालाच लावायची आहे.

कापूस किती हा प्रश्न यानंतर येतो. औषधाच्या दुकानातल्या गुंडाळीतला पट्टा जसाच्या तसा कोंबला तर तंतूंच्या घड्या तशाच राहतात. बोटांनी तो उलगडून, हलक्या हाताने ओढून, अगदी विरळ ढगाएवढा करायचा. ११५ घन सेंटिमीटरच्या कपाला एक ते दीड ग्रॅम पुरतो. सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा ऑनलाइन सहज मिळतो. डाव्या-उजव्या कपात सारखं वजन पडणं फार महत्त्वाचं आहे. ते कमीजास्त झालं तर मधोमध ऐकू यायला हवा तो गायक एका कानाकडे झुकतो. दाबून भरलेला कापूस हवेची जागाच खातो, आणि ड्रायव्हरच्या मागची भोकं बुजली की पडदा मोकळेपणाने हलूच शकत नाही. बास पातळ होतो, सगळा आवाज मेलेला वाटतो.

त्या भोकांविषयी दोन शब्द. ड्रायव्हर उलटा करून पाहिला तर चुंबकाभोवती छोट्या भोकांचं कडं दिसतं, आणि त्यावर बहुधा पातळ, सच्छिद्र कागद चिकटवलेला असतो. कंपनीने पडद्याला घातलेला लगाम तोच. हवा त्या कागदातून ये-जा करताना घासली जाते, आणि पडदा जिथे सर्वात जास्त उसळतो त्या अनुनादावरच हा अडथळा सर्वात जास्त जाणवतो. कागद नसेल किंवा फारच विरळ असेल, तर मायक्रोपोर नावाने मिळणारी कागदी सर्जिकल टेप अर्ध्या भोकांवर लावून पाहावी. ही टेप हवा पूर्ण अडवत नाही, गाळून सोडते. साध्या प्लास्टिकच्या चिकटपट्टीने हे होत नाही, ती भोक बंदच करते. परिणाम डोळ्यांनीही पाहता येतो. अनुनादावर ड्रायव्हरचा विद्युत विरोध वाढतो, आणि वारंवारतेनुसार त्याचा आलेख काढला तर तिथे टेकाड दिसतं. टेप लावल्यावर ते टेकाड बसतं.

कपाची भिंत हा निराळा मामला. ती स्वतः थरथरत असेल तर कापसाचा काहीच उपयोग नाही, तिथे वजन आणि चिवटपणा लागतो. रिकाम्या कपावर टिचकी मारा. टणटण वाजला तर आतून ब्लू-टॅकचा (भिंतीवर पोस्टर चिकटवायच्या पुट्टीचा) किंवा न वाळणाऱ्या मॉडेलिंगच्या मातीचा पातळ थर द्या. गाडीच्या दारात लावतात ती ब्युटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेली शीट सर्वात उत्तम. मान दुखेल इतका थर देऊ नये.

या सगळ्याच्या आधी करायची तपासणी म्हणजे इअरपॅडची फट. बंद हेडफोनमध्ये कान आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या छोट्याशा बंद जागेत दाब तयार होतो म्हणूनच बास ऐकू येतो. चष्म्याच्या काडीमुळे राहिलेली फटसुद्धा तो दाब सोडून देते. गाणं चालू असताना दोन्ही कप तळहाताने हलके दाबून पाहा. बास एकदम वाढला तर गळती पॅडमध्ये आहे, आणि ती बुजवल्याशिवाय आत काहीही भरून उपयोग नाही.

हौशी लोकांच्या या खटाटोपाला कमी लेखू नये. जपानच्या फॉस्टेक्स कंपनीचा टी-५०-आरपी हा हेडफोन यातलं ठळक उदाहरण. त्यात पडद्याला जोडलेल्या तारेच्या गुंडाळीऐवजी सपाट पडद्यावरच तारा छापलेल्या असतात. जगभरच्या लोकांनी तो उघडून त्यात माती, कापूस आणि फेल्ट भरलं, कपाची भोकं कमीजास्त बुजवली. कॅलिफोर्नियातल्या डॅन क्लार्क यांनी त्याचीच सुधारलेली आवृत्ती ‘मॅड डॉग’ नावाने विकली. शिकागोजवळ झॅक मेहरबाख यांच्या झेडएमएफ या कंपनीची सुरुवातही त्याच हेडफोनपासून झाली. आज दोघेही स्वतःचे हेडफोन बनवतात. क्लार्क यांच्या कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या ‘स्टेल्थ’मध्ये ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये बारीक नळ्यांची जाळी बसवली आहे. एका टोकाला बंद असलेली नळी पाव तरंगलांबीएवढी असेल, तर त्या वारंवारतेचा आवाज तिच्या तळावर आपटून परत येईपर्यंत अर्धी लाट मागे पडतो, तोंडाशी उलटा पोचतो आणि स्वतःलाच मारतो. ५७०० हर्ट्झसाठी अशी नळी दीड सेंटिमीटरची लागेल. वर फेल्ट जिथे टेकवलं होतं, तेच हे अंतर.

बदल करताना एका वेळी एकच करावा, आणि आधीच्या आवाजाशी ताडून पाहताना व्हॉल्यूम सारखा ठेवावा. डॅम्पिंगने, म्हणजे कापूस-फेल्टने घातलेल्या आवराने, आवाज किंचित कमी होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. साधा इलेक्ट्रेट माइक फळीत बसवून, त्यावर कप ठेवून, ‘रूम ईक्यू विझार्ड’ या मोफत सॉफ्टवेअरने आलेख काढता येतो. कानाने पारखायचं तर मी तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग सुचवेन. त्यात खालपासून वरपर्यंत स्वरांची गर्दी सलग वाजत असते, आणि कपाचा एखादा अनुनाद शिल्लक असला तर एकच स्वर बाकीच्यांतून सारखा डोकं वर काढतो. घुमारा तपासायला विलंबित लयीतला तबला घ्यावा, म्हणजे डग्ग्याच्या दोन ठोक्यांमध्ये खरोखर शांतता येते का ते कळतं.

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी पदार्थ निवडताना पावसाळा धरावा. नेहमीच्या दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतो, लोकर तर १६ टक्क्यांपर्यंत. उशीत भरतात त्या पॉलिस्टर फायबरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असतं. कापूस ओलसर होऊन बसला की तंतूंमधली मोकळी जागा जाते, वर बुरशीची भीती. तिथे जुन्या उशीचा फायबर बोटांनी मोकळा करून, तेवढ्याच वजनाचा घातलेला बरा.