४ जुलैच्या सह्या
अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ प्रतिनिधींनी ४ जुलै १७७६ रोजी एकत्र जमून सह्या केल्या, असे आजही सर्रास सांगितले जाते. तसे घडलेले नाही. फिलाडेल्फियातील काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, ब्रिटनपासून वेगळे होण्याचा ठराव २ जुलैलाच संमत केला होता, आणि पुढच्या पिढ्या हाच दिवस साजरा करतील, असे या सभेतले एक प्रतिनिधी जॉन ॲडम्स यांनी दुसऱ्या दिवशी पत्नीला कळवलेही होते (बिचाऱ्यांचा अंदाज दोनच दिवसांनी हुकला). ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात त्या रात्री छापायला घेतलेल्या पत्रकावर काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन ही दोनच नावे दिसतात, आणि तीही हाताने केलेल्या सह्या नव्हेत, तर छपाईच्या खिळ्यांनी छापलेली. ठरावावर तटस्थ राहिलेल्या न्यूयॉर्कची संमती ९ जुलैला मिळाली. त्यानंतरच, १९ जुलैला, शीर्षकात ‘एकमताने’ हा शब्द घालून मजकूर चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरांत उतरवून घेण्याचा आदेश निघाला. बहुतेक सह्या झाल्या त्या या चर्मपत्रावर, २ ऑगस्टला. न्यू हॅम्पशायरचे मॅथ्यू थॉर्नटन यांची सही तर नोव्हेंबरातली आहे.