टायफसच्या अहवालात भाषेचं कलम

गेल्या पावसाळ्यात आत्तीला घेऊन बेळगावातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. आत्ती खानापूर तालुक्यातली. कन्नड तिला बाजारापुरतं येतं, भाजीचा भाव करण्याइतकं. डॉक्टर मुलगी विजापूरकडची, बोलायला गोड, पण तिला मराठी कळत नव्हतं. आत्ती म्हणाली, "पोटात भगभगूलंय बघ बाई, आनि जीव कसनुसा होऊलाय." शेजारी उभ्या नर्सनं त्याचं कन्नड केलं, "होट्टे नोवु." म्हणजे पोटदुखी. आत्तीची आग गेली, तिच्या जागी दुखणं आलं, आणि कसनुसा झालेला जीव तर वाटेतच राहिला. मी मोडक्या कन्नडमध्ये "उरी, उरी", म्हणजे आग, आग, करत मध्ये पडलो, तेव्हा त्या मुलीनं मान वर केली आणि आधी ईसीजी काढायला पाठवलं. योग्यच केलं तिनं. म्हातारपणी हृदयविकार छातीत कळ न येताही येतो, कधी पोटात आग, कधी नुसती अस्वस्थता. आत्तीचं शेवटी पित्तच निघालं.

हे एकट्या मराठीचं रडगाणं नव्हे. अथणी-रायबागकडच्या कन्नड आज्या मिरजेला दाखवायला जातात, त्यांचंही हेच होत असणार. पण घरी येताना मला जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्शो आठवले. शाळेत आपण त्यांचं नाव एका ओळीपुरतं पाठ करतो: 'पेशीपासूनच पेशी तयार होते.' या माणसानं १८४८ साली साथीच्या रोगावरच्या सरकारी कामगिरीत भाषेचं कलम घातलं होतं, हे मात्र पुस्तकात नसतं.

विर्शो जन्मले १८२१ मध्ये, प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या पोमेरेनिया प्रांतात, एका लहान गावात. बर्लिनच्या शारिटे इस्पितळात शवविच्छेदन करणारे तरुण डॉक्टर म्हणून त्यांचं नाव होऊ लागलं होतं, तेवढ्यात प्रशियाच्याच अप्पर सिलेशिया या मुलखात टायफसची साथ भडकली आणि सरकारनं त्यांना तिकडे पाहणीला पाठवलं. हा टायफस म्हणजे आपल्याकडचा टायफॉइड नव्हे. टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून येतो, साथीचा टायफस उवांमधून. थंडीत एकाच खोलीत दाटीनं झोपणारी माणसं, अंगावर महिनोन्‌महिने तेच कपडे, आणि पोटात अन्न नाही, की त्याला रान मोकळं. उवांची ही भूमिका शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवली. १८४८ मध्ये ती कोणालाच ठाऊक नव्हती, विर्शोंनाही नाही.

तरीही फेब्रुवारी-मार्चमधल्या जेमतेम तीन आठवड्यांत सव्वीस वर्षांच्या या डॉक्टरनं रोगाची मुळं बऱ्यापैकी ओळखली. बटाट्याचं पीक बुडालं होतं, दुष्काळ होता, जमीनदार दूर शहरात बसून खंड खात होते, आणि सरकारी मदत आली ती उशिरा. शिवाय मुलूख पोलिश बोलणारा आणि सरकार जर्मन. शाळा, कचेरी, हुकूम, सगळं परक्या भाषेत. मग औषध लिहून देण्याऐवजी विर्शोंनी लिहिलं ते असं: लोकांना स्वराज्य द्या, शिक्षण द्या, पोलिशला सरकारी व्यवहारात स्थान द्या, करांचा बोजा गरिबावरून श्रीमंतावर न्या, शेती आणि रस्ते सुधारा. वरिष्ठांना तापावरचा इलाज हवा होता. त्यांच्या हाती पडली ती जवळजवळ राज्यघटनाच.

सीमाभागात वाढलेल्या माणसाला हा अहवाल आपलासा वाटणारच. पण एक कबुली द्यायला हवी. त्यातली स्थानिक लोकांची वर्णनं वाचवत नाहीत. घाणेरडे, आळशी, दारूडे, हा सगळा शहरी साहेबी सूर त्यात आहे. मागणी न्यायाची आणि नजर वरून खाली, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर नांदतात.

बर्लिनला परतले आणि आठ-दहा दिवसांत तिथे क्रांती पेटली. रस्ते अडवायला लोकांनी उभारलेल्या बॅरिकेडवर विर्शोही होते. त्याच वर्षी त्यांनी वैद्यकीय सुधारणेसाठी साप्ताहिक काढलं आणि त्यात मांडलं की वैद्यक हे समाजशास्त्र आहे, आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचं वैद्यक. क्रांती विझल्यावर शारिटेतली जागा गेली. मग काही वर्षं व्युर्त्सबुर्गमध्ये अध्यापन, आणि १८५६ मध्ये सन्मानानं पुन्हा बर्लिन.

पेशीचं काम याच काळातलं. रोग म्हणजे अंगातल्या रसांचा बिघाड, ही समजूत युरोपातही शतकानुशतकं मुरलेली होती, आपल्या वात-पित्त-कफाची आठवण व्हावी अशी. विर्शो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगू लागले की बिघडते ती पेशी. कर्करोगाची गाठ बाहेरून येऊन बसत नाही, आपल्याच पेशी वाट सोडून वाढतात. पायातल्या शिरेत गोठलेलं रक्त सुटून फुप्फुसात अडकतं, हेही त्यांनीच उलगडलं. 'थ्रॉम्बोसिस' आणि 'एम्बोलिझम' हे आज घरोघरी पोचलेले शब्द त्यांचेच. पेशीतून पेशी जन्मते हे रॉबर्ट रेमाक यांनी आधी पाहिलं होतं, त्यांना श्रेय तोकडं मिळालं. शरीराला विर्शो राज्याची उपमा देत आणि प्रत्येक पेशीला नागरिकाची. या माणसाला राजकारणाशिवाय काही सुचतच नसावं.

१८५९ मध्ये ते बर्लिनचे नगरसेवक झाले आणि मरेपर्यंत, म्हणजे ४३ वर्षं, राहिले. पुढे प्रशियाच्या विधिमंडळातही गेले. तिथे प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याशी वाजलं आणि १८६५ मध्ये बिस्मार्कनं त्यांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. विर्शोंनी नकार दिला. शस्त्र म्हणून त्यांनी दोन सॉसेज पुढे केले, त्यातला एक कृमींनी भरलेला, अशी गोष्ट रंगवून सांगतात, पण तिला पुरावा नाही. कृमींचं प्रकरण मात्र खरं. कच्च्या डुकराच्या मांसातून ट्रायकिनेला नावाचा जंत माणसात जात होता. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन गावात शंभरावर माणसं त्यानं दगावली. कत्तलखान्यात मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, हा धोशा विर्शोंनी लावून धरला. खाटिक चिडले, पण पुढे प्रशियात ती तपासणी सक्तीची झाली.

त्यांचं खरं मोठं काम जमिनीखाली आहे. बर्लिनची वस्ती १८७१ मध्ये आठ लाखांवर गेली होती आणि १९०० पर्यंत दुपटीहून जास्त झाली. सांडपाणी वाहायचं ते रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून. काहींचं म्हणणं, मैला पिंपांत भरून गाड्यांनी वाहून न्यावा. विर्शो ज्या समितीचे प्रमुख होते तिनं मोजमाप केलं, आकडे जमवले, आणि कौल भुयारी गटारांना दिला. आराखडा जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याचा. बर्लिन सपाट, पाणी आपोआप फार लांब जाणार नाही. म्हणून त्यानं शहराचे बारा भाग पाडले. प्रत्येक भागाचं सांडपाणी उतारानं त्या भागातल्या सखल जागी जमायचं, तिथे पंप, आणि पंपानं ते शहराबाहेरच्या शेतांवर. १८७३ मध्ये काम सुरू झालं. वाळूच्या जमिनीत पाणी मुरायचं, मातीतले जिवाणू घाण पचवायचे, वर भाजीपाला पिकायचा. शहरात टायफॉइडचे बळी घटत गेले. त्या शेतांत पुढे जड धातू साचले, हेही सांगायला हवं. कारखान्यांचं पाणी मातीला पचत नाही.

हे वाचताना डोळ्यांपुढे बेळगावातला बळ्ळारी नाला आल्याशिवाय राहत नाही. आपल्याला बर्लिनसारखी सपाटीची अडचण नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, पाण्याला उतार आहे. पण शहराची घाण त्या उतारानं नाल्यात येते आणि पावसाळ्यात नाला वडगाव-शहापूरच्या भाताच्या शिवारात शिरतो. शेतकरी रोप लावतो, नाला घेऊन जातो, तो पुन्हा लावतो. आपल्या महापालिकेच्या निवडणुकीत भाषेवर जेवढं बोललं गेलं, त्याच्या चौथाई तरी या नाल्यावर बोललं गेलं का, हे ज्यानं त्यानं आठवावं. विर्शोंना भाषा आणि गटार हे दोन वेगळे पक्ष वाटले नव्हते.

चुका त्यांनीही ठसठशीत केल्या. बाळंतिणींचा ताप डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांतून पसरतो, हे सेमेलवाइस या डॉक्टरचं म्हणणं त्यांनी बराच काळ मानलं नाही. जंतू हेच रोगाचं कारण, यावर ते शेवटपर्यंत सावध राहिले. निअँडरथल या आदिमानवाची कवटी त्यांना मुडदूस झालेल्या माणसाची वाटली. रोगामागे समाज पाहण्याची सवय इतकी की कधी समोरचा जंतू नजरेतून सुटायचा.

जानेवारी १९०२ मध्ये ऐंशी वर्षांचे विर्शो चालत्या विजेच्या ट्राममधून उतरायला गेले, पडले आणि मांडीचं हाड मोडलं. त्यातून ते उठलेच नाहीत. सप्टेंबरमध्ये गेले.

आत्तीचा केसपेपर मी घरी आल्यावर नीट वाचला. पहिली ओळ माझ्या "उरी, उरी"च्या आधीच लिहिलेली होती. ती मराठीत नव्हती, कन्नडमध्येही नव्हती. इंग्रजीत होतं, 'पेन अ‍ॅब्डोमेन.' आत्तीनं विचारलं, "काय लिवलंय रे त्यात?"

"पोटात भगभगूलंय म्हणून लिवलंय," मी म्हणालो.