घोरणं थांबलं की जाग येते

आमचे मामा वीस वर्षं बेळगावच्या मार्केटमधून गोव्याला भाजीचा टेम्पो नेत. कोबी, फ्लॉवर, बिन्स, ढब्बू मिरची असा माल रात्री भरायचा, मध्यरात्र उलटली की जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या सुमाराला गोव्यातल्या बाजारात पोचायचं. घरी आले की जेवून पडल्या जागी झोपत. त्यांचं घोरणं परड्यातल्या गोठ्यापर्यंत ऐकू यायचं. ‘राबलेला माणूस आहे, गाढ झोपलाय,’ असं आजी कौतुकानं म्हणायची. मामीचं म्हणणं वेगळं होतं. एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या ती मला म्हणाली, ‘तुझ्या मामांचं घोरणं चालू असलं की मला झोप लागते रे. थांबलं की जाग येते.’

मामांच्या आजाराचं निदान या वाक्यातच होतं. आम्हाला ते कळायला आणखी चार वर्षं गेली. एका पहाटे घाटातल्या वळणावर टेम्पो कठड्याला घासून थांबला. मामांना ब्रेक दाबल्याचं आठवत नव्हतं, आणि त्याच्या आधीचा अर्धा किलोमीटर रस्ताही आठवत नव्हता. कुणाला इजा झाली नाही. चार क्रेट टोमॅटो गेले, एवढंच.

सगळ्यांनी दोष रात्रपाळीला दिला, आणि तो अर्धा खराही होता. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक बारीक ठिपका आहे. तो शरीराचं घड्याळ चालवतो आणि रोज उजेड पाहून स्वतःला जुळवून घेतो. पेशींच्या आतलं हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालतं ते हॉल, रोसबाश आणि यंग या तिघांनी फळमाशीवर काम करून उलगडलं. त्यासाठी त्यांना २०१७चं नोबेल मिळालं. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान हे घड्याळ शरीराचं तापमान आणि सावधपणा सगळ्यात खाली नेऊन ठेवतं. मामा नेमके त्याच वेळी घाट उतरत. दिवसा कितीही पडून राहिलं तरी ती झोप सहसा तुटक आणि तोकडी होते, कारण बाहेर ऊन असतं आणि घड्याळ ‘ऊठ’ म्हणत असतं.

उरलेला अर्धा दोष मामांच्या घशात होता.

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, म्हणून श्वासाची वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात. जीभ मागं सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली येते. वाट अरुंद झाली की आत जाणारी हवा त्या मऊ भागांना थरथरवते, तेच घोरणं. मान जाड असेल, टॉन्सिल मोठे असतील किंवा जबडा लहान असेल, तर वाट पूर्णच मिटू शकते. मऊ पडलेल्या कागदी नळीनं शहाळं प्यायला जा, जोरात ओढलं की नळी चपटी होते आणि पाणी यायचं थांबतं. घशाचं तसंच होतं. छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. ही शांतता निदान दहा सेकंद टिकली तर वैद्यकात तिला श्वासरोध म्हणून मोजतात. मामांची पाऊण मिनिटापर्यंत जायची.

मग रक्तातला ऑक्सिजन घसरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. अॅड्रेनलिन सुटतं, नाडी धावते, रक्तदाब उसळतो, माणूस ‘घ्रॉऽक’ करून मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. ही जाग काही सेकंदांची असते, म्हणून सकाळी त्यातलं काही आठवत नाही. आजार ज्याला आहे त्यालाच त्याचा पत्ता नसतो. साक्षीदार असतो तो शेजारी झोपणारा.

झोप अशी तुटत राहिली की नेमकं काय हरवतं? मेंदू रात्रभर नुसता बंद असतो असा समज फार काळ होता. १९५३ साली शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक अंतरानं डोळे पापण्यांआड वेगानं फिरतात आणि त्या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणासारखा कामात असतो. असेरिन्स्कीनं आधी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्याच डोळ्यांजवळ तारा चिकटवून ते पाहिलं होतं. आज आपल्याला ठाऊक आहे की झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी येते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते; वाढीचं संप्रेरक मुख्यतः तेव्हाच स्रवतं. पहाटेकडे ती डोळे फिरण्याची, म्हणजे स्वप्नांची झोप वाढते. श्वास अडला की माणूस प्रत्येक वेळी हलक्या झोपेच्या वरच्या पायरीवर फेकला जातो आणि पुन्हा उतरायला लागतो. आठ तास अंथरुणात काढूनही तळाशी पोचतच नाही.

म्हणून ‘मी रोज आठ तास झोपतो’ हे उत्तर पुरेसं नाही, आणि ‘मला पाच तास पुरतात’ यावरही माझा विश्वास नाही. अमेरिकेत एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग चौदा रात्री सहा सहा तासच झोपू दिलं होतं. २००३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. शेवटी शेवटी त्यांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेच पेंगुळलोय असं वाटत होतं. थकलेला मेंदू आपला थकवा मोजू शकत नाही, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वात काळजीचं वाटतं.

आपल्या भागात याला आणखी एक पडदा आहे, कष्टाचा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्रपाळी करणारा, वडगाव-शहापुरात मागावर बसणारा, गळिताच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत उसाचा ट्रॅक्टर घेऊन थांबणारा, यांपैकी कुणी दिवसा पेंगला तर कुणी विचारतच नाही. राबतोय, झोप येणारच. या मानाच्या कारणाखाली आजार वर्षानुवर्षं झाकून राहतो. मी तरी आता एकच प्रश्न विचारतो. दोन-तीन दिवस सुट्टी मिळाली, पोटभर झोप झाली, तरीही सकाळी तोंड कोरडं, डोकं जड आणि दुपारी बसल्या जागी डुलकी? मग दोष कामाचा नाही, झोपेचा आहे.

डॉक्टर एक साधी प्रश्नावली वापरतात. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली ती तयार केली. वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, तासभर गाडीत नुसतं बसून जाताना, कुणाशी बोलताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण चोवीस. दहाच्या वर गेलं की तपासणीचा विचार करावा. मामांना मी ती आपल्या भाषेत विचारली. निपाणीच्या बसमध्ये बसलात तर? ‘काकतीच्या आत झोपतो.’ टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी गाडी थांबली तर? मामा जरा गप्प बसले आणि म्हणाले, ‘मागचे हॉर्न वाजवतात तेव्हा कळतं.’ बेरीज एकोणीस झाली.

त्याआधी दोन वर्षं ते रक्तदाबाच्या गोळ्या खात होते. गोळ्या दोनाच्या तीन झाल्या तरी दाब उतरत नव्हता. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठत, म्हणून साखर तपासली, ती नीट निघाली. या दोन्ही गोष्टींचा घशाशी संबंध असेल असं आमच्या मनात आलं नाही आणि तोवर कुठल्या डॉक्टरांनीही विचारलं नाही. रात्रभर वरचेवर उसळणारा रक्तदाब दिवसाही चढाच राहतो. गोळ्यांना न जुमानणाऱ्या रक्तदाबामागं श्वासरोध बऱ्याचदा सापडतो. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जो ताण येतो त्यानं हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं रक्त जास्त झालंय, आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. म्हातारपण किंवा साखर समजून आपण ज्याकडं बघतो, ते कधी कधी हे असतं.

अखेर ज्या छातीच्या डॉक्टरांकडं गेलो त्यांनी मामांना बाजूला ठेवून मामीला विचारलं, ‘रात्री काय होतं?’ मामीनं मोबाइल काढला. तिनं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं.

तपासणी दुखरी नसते. दवाखान्यात एक रात्र झोपायचं. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी बारीक नळी आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप. सोपं असेल तिथं यातला काही भाग घरीच करता येतो. तासाला श्वास किती वेळा अडला ते मोजतात. पाचपेक्षा कमी म्हणजे ठीक, तीसच्या वर म्हणजे गंभीर. मामांचे निघाले एकेचाळीस. सात तासांच्या झोपेत पावणेतीनशेच्या वर! आकडा ऐकून मामी तिथंच रडायला लागली.

झोपेचा प्रत्येक त्रास असाच असतो असं नाही. अंथरुणावर पडल्यावर पायांत काहीतरी वळवळतं, हलवल्याशिवाय राहवत नाही, अशी तक्रार गरोदर बायकांत आणि रक्त कमी असलेल्यांत बरीच दिसते. तिथं शरीरातला लोहाचा साठा तपासायला हवा. जाग आली पण हात हलेना, छातीवर कुणी बसलंय असं वाटलं, तर देवऋषी शोधू नये. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू बंद ठेवतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. तीन महिने, आठवड्यातून तीन रात्री झोपच येत नसेल तर तो निद्रानाश, आणि त्यावर पहिला उपाय गोळी नसून झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची शिस्तशीर पद्धत आहे. तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या, वर्गात चुळबुळणाऱ्या मुलाचे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी दाखवाव्यात. श्वासरोध असताना दारू किंवा डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी घेणं मात्र घातक. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

मामांना झोपेत घसा उघडा ठेवणारं यंत्र मिळालं. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही युक्ती मांडली. त्याआधी गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करावी लागे. नाकावर मुखवटा लावून हवा हलक्या दाबानं आत सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. गल्लीत बातमी पसरली की मामांना ऑक्सिजन लावलाय. ऑक्सिजन नव्हे, ती खोलीतलीच साधी हवा असते. ‘मला बैलासारखं मुसकं बांधताय काय,’ म्हणून मामांनी पहिले चार दिवस ते काढून फेकलं. मग मुखवट्याचा आकार बदलून घेतला, बसला. पावसाळ्यात आमच्याकडं वीज जाते तेव्हा यंत्रही थांबतं, म्हणून इन्व्हर्टर घेतला. डॉक्टरांनी कुशीवर झोपायला आणि वजन उतरवायला सांगितलं, आणि दिवसाची झापड जाईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. ते दोन महिने पैशांनी कठीण गेले. रक्तदाबाच्या तीन गोळ्यांवरून पुढं दोनच राहिल्या. मामांनी घाटाची फेरी सोडून दिवसाची, मार्केटमधली वाहतूक धरली, कारण यंत्र घसा उघडतं, पहाटेचं घड्याळ बदलत नाही.

पहिले पंधरा दिवस झोप उडाली ती मामीची. घरात घोरणंच नव्हतं. ती दर तासाला उठून मामांच्या छातीवर हात ठेवून बघायची.

आता टेम्पोवाल्यांच्या घरी कुठं हळदीकुंकवाला, बारशाला गेली की ती बायकांना बाजूला घेऊन बसते. मालक घोरतात का, असं ती विचारत नाही. ते सगळ्यांचेच घोरतात. ती विचारते, ‘मधे थांबतात का?’ आतापर्यंत दोघीजणी नवऱ्यांना घेऊन तपासणीला जाऊन आल्यात.