सार्कॉइडोसिस : फुप्फुस व यकृतातील अनियमित रूपे

अनेक इंद्रियांत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या घट्ट सूक्ष्म गाठी, निर्माण करणारा अज्ञातहेतुक (कारण न कळलेला) विकार. क्षयाच्या गाठीत मध्यभागी दिसणारा पनीरासारखा मृतांश यात सहसा नसतो.

पहिल्या वर्णनाचे श्रेय वादग्रस्त आहे. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८७७ च्या सुमारास एका रुग्णाच्या त्वचेवरील जांभळट चट्ट्यांची नोंद केली. मात्र त्यांनी त्याचा संबंध संधिवाताच्या ‘गाउट’शी लावला. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बेनिए यांचे ‘लुपस पर्निओ’चे, म्हणजे नाक-गालांवरील जांभळट सुजेचे, वर्णन १८८९ चे. नॉर्वेच्या सीझर बोक यांनी १८९९ मध्ये ऊतकपरीक्षेसह वर्णन करून, गाठी सार्कोमासारख्या (एक प्रकारचा कर्करोग) दिसतात म्हणून ‘सार्कॉइड’ शब्द वापरला. अग्रक्रम हचिन्सन यांना दिला जातो, पण रोगाची ओळख बोक यांच्यापासून मानणे अधिक सयुक्तिक दिसते. हा सर्वांगीण विकार असल्याचे स्वीडनच्या शाउमान यांनी पुढे दाखवले.

फुप्फुसमूळाशी दोन्ही बाजूंच्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) सुजणे हे नेहमीचे चित्र. अनियमित रूपांत कर्करोगाच्या प्रसारासारख्या मोठ्या गोल गाठी, पोकळी, छातीत पाणी किंवा एकाच बाजूच्या ग्रंथी आढळतात. सीटी स्कॅनमध्ये कधी मोठ्या गाठीभोवती बारीक दाणे विखुरलेले दिसतात. त्यास ‘गॅलेक्सी साइन’ म्हणतात.

यकृताच्या बायोप्सीत निम्म्याहून अधिक रुग्णांत ग्रॅन्युलोमा मिळतात, लक्षणे मात्र थोड्यांनाच असतात. क्वचित पित्तरोध, खाज, प्रवेशिका नीलेतील (यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतील) दाबवाढ.

नागपुरात ‘मेडिकल’ (स्थापना १९४७) किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत असा रुग्ण एक्स-रेचा लिफाफा काखेत घेऊन येतो, तेव्हा क्षय समजून सुरू केलेला टीबीचा कोर्स अर्धा झालेला असू शकतो. मग एलएफटी (यकृताची रक्तचाचणी) बिघडला की दोष गोळ्यांवर जातो. गोळ्यांच्या इजेत बहुधा एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाल्यास वाढणारे विकर) उसळतो, तर सार्कॉइडोसिसमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तप्रवाह अडल्यास वाढणारे विकर) अधिक चढते. हा फरक उपयुक्त असला तरी निर्णायक नव्हे. ऊतकपरीक्षा आणि क्षयजंतूंचा शोध टळत नाही. क्षय असताना सार्कॉइडोसिस समजून केवळ स्टिरॉइड दिले तर तो पसरतो. उलट मँटू चाचणी (क्षयासाठीची त्वचेवरील चाचणी) निगेटिव्ह येणे सार्कॉइडोसिसमध्ये नित्याचे आहे.

लक्षणरहित यकृतविकाराला बहुधा औषध लागत नाही, अन्यथा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. ग्रॅन्युलोमा स्वतःच ड जीवनसत्त्व सक्रिय करतात, त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे नागपूरच्या मे महिन्यातले ऊन आणि अशक्तपणासाठी घरच्यांनी आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, दोन्हींची चौकशी म्हणूनच केली जाते.