फायलोड्स ट्यूमर: स्तनातल्या एका दुर्मीळ गाठीच्या निदानाची पार्श्वभूमी

१८३८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी स्तनातल्या एका वेगळ्याच गाठीचं वर्णन केलं. ती कापल्यावर आत फटी दिसत आणि त्यांत पानांसारखे पदर उतरलेले असत. म्युलर यांना ती निरुपद्रवी वाटली, तरी त्यांनी तिला ‘सिस्टोसार्कोमा फायलोड्स’ असं कॅन्सरसारखं (सार्कोमा म्हणजे कॅन्सरचा एक प्रकार) नाव दिलं. पुढे विसाव्या शतकात यांतल्या काही गाठी फुफ्फुसापर्यंत पसरल्याचं आढळलं. म्हणजे सगळ्याच साध्या नव्हत्या आणि सगळ्याच कॅन्सरच्याही नव्हत्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने ‘फायलोड्स ट्यूमर’ हे नाव स्वीकारलं. आज तिचे साधी, सीमारेषेवरची आणि घातक असे तीन प्रकार मानतात.

मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि डॉ. वसंत खानोलकर यांनी तिथली पॅथॉलॉजी उभी केली. रुग्णाच्या गाठीचा तुकडा नीट तपासून, नोंदवून, जपून ठेवायची शिस्त अशा दुर्मीळ आजारांत फार मोलाची ठरते. स्तनाच्या सगळ्या गाठींत फायलोड्स एक टक्क्याहूनही कमी. एखाद्या छोट्या लॅबमधल्या डॉक्टरांना वर्षभरात ती दिसणारही नाही.

खरी अडचण फायब्रोअ‍ॅडेनोमाची. तरुण मुलींमध्ये सर्रास आढळणारी ही साधी गाठ सोनोग्राफीत फायलोड्ससारखीच दिसते. सुईने पेशी ओढून केलेली एफएनएसी स्वस्त आणि झटपट, म्हणून आपल्याकडे ती रुजली. पण तिच्यात सुट्या पेशी मिळतात, गाठीची रचना हरवते. ट्रूकट बायोप्सीत मांसाची बारीक कांडी मिळते, ते बरंच बरं. तरीही एकाच गाठीचा एक भाग साधा आणि दुसरा घातक असू शकतो. म्हणून चाळिशीच्या आसपास भराभर वाढणारी गाठ ‘फायब्रोअ‍ॅडेनोमाच आहे’ म्हणून सोडून देऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

अंतिम निदान पूर्ण गाठ काढल्यावरच होतं. नुसती सोलून काढली तर ती परत येऊ शकते, त्यामुळे भोवतालचा निरोगी भागही घेतात. काखेतल्या लसिका ग्रंथींत मात्र ती क्वचितच पसरते, म्हणून त्या ग्रंथी सहसा काढाव्या लागत नाहीत.

२०१४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांना फायब्रोअ‍ॅडेनोमात एमईडी१२ जनुकातले बदल सापडले. पुढे तेच बदल फायलोड्समध्येही दिसले, त्यामुळे एवढ्या एका चाचणीने दोन्ही वेगळ्या ओळखता येत नाहीत. दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टच्या कागदांबरोबर मूळ स्लाइड आणि मेणातले ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागतात, ते गाठीची रचना पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता यावी यासाठीच.